सागरतीरी विभूतियोग

श्रीमद्भगवद्गीतेचा दहावा अध्याय मुलांकडून पाठ करवून घेणे फारसे अवघड नाही. त्यात नावांची माळ आहे, आणि नावांची माळ बालमुखात लवकर बसते. अवघड असते ते त्यानंतरचे. चेन्नईत राहणाऱ्या काही मराठी कुटुंबांतील मुलांचा एक लहानसा गीतावर्ग आम्ही रविवारी सकाळी चालवितो. त्या वर्गात एका नऊ वर्षांच्या मुलाने एके दिवशी संपूर्ण अध्याय एकही चूक न करता म्हणून दाखविला आणि लगेच विचारले, "काका, मकर म्हणजे काय?" मी सांगितले, "मगर." तो म्हणाला, "तुम्ही पाहिली आहे?" मी पाहिली होती. "मग आम्हांला का नाही दाखवली?"

ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. कोणकोणत्या पदार्थांच्या ठिकाणी मी तुझे चिंतन करावे, असे अर्जुनाने भगवंतांना विचारले होते. त्याचे उत्तर सूक्ष्म तत्त्वविचाराच्या भाषेत देता आले असते. परंतु भगवंतांनी जी नावे घेतली त्यांतील कितीतरी उघड्या डोळ्यांना दिसणारी आहेत: जलाशयांत समुद्र, वृक्षांत अश्वत्थ, नद्यांत गंगा, पशूंत सिंह, पक्ष्यांत गरुड, महिन्यांत मार्गशीर्ष, ऋतूंत वसंत. अर्जुन बारा वर्षे वनात राहिलेला. प्रत्येक नाव कानी पडताच त्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी उभे राहत असले पाहिजे. आमच्या वर्गातील अकरा मुलांची चौकशी केली तेव्हा असे आढळले की, पिंपळ ओळखणारी मुले दोन, आणि समुद्र केवळ मोटारीच्या खिडकीतून पाहिलेली चार. हे समुद्राकाठच्या शहरात!

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचने दिली, त्यांत त्यांनी ह्या अध्यायाला मुलाच्या अक्षरओळखीची उपमा दिली आहे. मुलाला प्रथम मोठी आणि सोपी अक्षरे शिकवितात व जोडाक्षरे मागाहून. त्याचप्रमाणे परमेश्वर आधी सहज दिसेल अशा ठिकाणी पाहावा आणि मग अवघड ठिकाणी. ती उपमा अनेकदा वाचली होती. त्या मुलाच्या प्रश्नाने ती नव्याने कळली. आम्ही अक्षरांची नावे तेवढी घोकवून घेत होतो, पाटीवर अक्षर काढून दाखवीतच नव्हतो.

नाताळच्या सुट्टीत एक दिवस कोवलमला जावयाचे ठरले. (केरळातील प्रसिद्ध कोवलम निराळे.) हे गाव चेन्नईच्या दक्षिणेस पूर्वकिनाऱ्याच्या रस्त्यावर पस्तीस-चाळीस किलोमीटरांवर, चेंगलपट्टू जिल्ह्यात आहे. कोळ्यांची जुनी वस्ती, एक दर्गा, एक चर्च, अठराव्या शतकातील किल्ल्याची स्मृती आणि लांबवर पसरलेली पुळण, असे त्याचे स्वरूप. गावाच्या उत्तरेस मुट्टुकाडूची खाडी समुद्राला मिळते. २०२१ साली येथील पुळणीला स्वच्छतेबद्दल 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानचिन्ह मिळाले होते.

पहाटे पाचला निघालो तेव्हा दारोदारी सडा घालून कोलम, म्हणजे आपली रांगोळी, काढणे चालले होते. आपल्या पंचांगातील चांद्र महिना आणि तमिळ लोकांचा सौर महिना ह्यांत थोडे अंतर पडते. त्यांचा मार्गळी, म्हणजेच मार्गशीर्ष, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असतो, आणि त्या महिन्यातील पहाटेला तेथे विशेष महत्त्व आहे. हे मी सांगू लागलो, तोच मागच्या बाकावरून एका मुलीने आपणहून म्हटले, "महिन्यांत मार्गशीर्ष!" दिवसाचा पहिला पाठ असा गाडीतच झाला.

येथे एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. एका पालकांनी सुचविले होते की, पुळणीवर नेण्याऐवजी त्याच रस्त्यावरील एखाद्या खाजगी विश्रामगृहात मुलांना न्यावे. तेथे बाग, हिरवळ, पोहण्याचा तलाव अशा सर्व सोयी असतात आणि मुले सुरक्षित राहतात. सूचना काळजीपोटी होती. ती मी मानली नाही. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना मैत्री, करुणा आणि निर्ममता ही तीन लागोपाठ येतात. पहिली दोन मुलांना समजतात. तिसरीपाशी गाडे अडते. 'माझे' म्हणू नये असे सांगितले की मूल समजते, मग जपूही नये. दोष मुलाचा नव्हे. घरात आपण त्याला हेच शिकवितो. आपले दप्तर सांभाळ, आपला डबा विसरू नकोस, आपल्या अंगणात कागद टाकू नकोस. जे आपले तेवढेच जपावयाचे, हा संस्कार इतका खोल जातो की घर झाडून केर रस्त्यावर लोटणारा गृहस्थही स्वतःला स्वच्छतेचा भोक्ता समजतो. मैत्री आहे, करुणा आहे, आणि तरीही 'माझे' नाही, अशी स्थिती मुलाने अनुभवावी तरी कोठे? पैसे मोजून घेतलेल्या हिरवळीवर ती अनुभवता येत नाही, कारण तेथे काही तासांपुरते का होईना, 'माझे' विकत घेतलेले असते. ती अनुभवता येते समुद्राच्या पुळणीवर, सरकारी रानात, गावच्या गायरानात, देवराईत, तळ्याच्या काठी. जी भूमी कोणा एकाची नाही, तिच्यावर माया करावयास शिकणे हाच निर्ममतेचा पहिला धडा, असे मला वाटते.

आमच्या कायद्यानेही हे तत्त्व मान्य केले आहे. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात असा निर्णय दिला की समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा आणि अरण्ये ही सर्व लोकांसाठी राखलेली ठेव आहे; शासन तिचे मालक नसून विश्वस्त आहे. हा निर्णय मी वकिलाच्या भाषेत मुलांना सांगितला नाही. एवढेच म्हणालो की, आज आपण जेथे जात आहोत तेथे आपण पाहुणे नाही आणि धनीही नाही. मग कोण, असे कोणी विचारले नाही, आणि मीही पुढे काही बोललो नाही.

पुळणीवर पोहोचलो तेव्हा पूर्वेला तांबडे फुटत होते. मुलांना पहिली सूचना एवढीच होती की, दहा मिनिटे बसावयाचे आणि बोलावयाचे नाही. हा नियम पालकांना मुलांपेक्षा जड गेला. दहा मिनिटांनी प्रत्येकाने काय पाहिले ते विचारले. सूर्य सर्वांनी पाहिला होता. लाटा सर्वांनी पाहिल्या होत्या. पण एका अबोल मुलाने सांगितले की, त्याच्या पायाजवळच्या बिळातून एक खेकडा तीनदा वर आला, दर खेपेस थोडी वाळू बाहेर टाकून आत गेला, आणि त्याचे डोळे काड्यांवर बसविल्यासारखे होते. मग अकराही मुले त्या बिळाभोवती पोटावर पडून राहिली. खेकडा अर्थातच वर आला नाही.

पुळणीच्या वरच्या अंगाला जांभळट फुलांची एक वेल वाळूवर दूरवर पसरलेली होती. तिचे पान मध्ये दुभागलेले, आपट्याच्या पानासारखे. कोकणात वाढलेल्या मनुष्याला हिचे नाव विचारावे लागत नाही: मर्यादवेल. समुद्राची मर्यादा जेथे संपते तेथे ती उगवते आणि आपल्या मुळांनी वाळू धरून ठेवते. तिने वाळू धरली की वाळूचे उंचवटे टिकतात, आणि उंचवटे टिकले की वादळात मागची वस्ती काही अंशी वाचते. तमिळमध्ये हिला अडुंबु म्हणतात. तिच्या शेजारीच एक टोकदार पात्यांचे गवत वाढते. त्याचे बियांचे काटेरी गोळे सुटून वाऱ्यावर पुळणीभर गडगडत जातात. तमिळ लोक त्याला 'रावणाची मिशी' म्हणतात, असे सांगताच मुले त्या मिश्यांमागे धावत सुटली. मी थांबविले नाही. बी पसरविण्याचे वाऱ्याचे काम त्यांनी थोडे अधिक वेगाने केले, इतकेच.

प्राचीन तमिळ काव्यशास्त्राने भूमीचे पाच प्रकार मानले आहेत: डोंगराळ, रानवट, शेतीची, समुद्रकाठची आणि रखरखीत. प्रत्येकीचे फूल वेगळे, माणसांचा व्यवसाय वेगळा, भावही वेगळा. समुद्रकाठच्या भूमीला नेय्दल म्हणतात आणि तिची देवता वरुण. ही विभागणी मला फार उद्बोधक वाटते. ज्या लोकांनी प्रेम आणि विरह ह्यांचे वर्णनसुद्धा भूमीच्या प्रकाराप्रमाणे केले, त्यांच्या मुलांना 'निसर्ग' नावाचा वेगळा विषय शिकवावा लागत नसावा. जलदेवतांत वरुण मी, असे भगवंत म्हणतात. त्या वरुणाच्या भूमीवर आम्ही उभे होतो.

एव्हाना होड्या परतू लागल्या होत्या. होड्यांवर घारी घिरट्या घालीत होत्या, आणि त्यांत विटकरी पाठीची व पांढऱ्या डोक्याची एक होती. हिला आपण ब्राह्मणी घार म्हणतो. तमिळ लोक तिला गरुड म्हणतात, आणि ती दिसली की कित्येकजण हात जोडतात. जाळे सोडवीत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याने तसेच केले आणि पुन्हा कामाला लागला. मुलांना गरुड दाखविण्याची जबाबदारी मी घेतली होती, पण ती त्या वृद्धाने पार पाडली.

मुले त्यांच्याभोवती जमली. तमिळ रीतीने सर्वजण त्यांना 'तात्ता' म्हणू लागली. जुन्या काळी लाकडाचे ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमवरून समुद्रात जात, हे त्यांनी हातांनी गाठ बांधून दाखविले. किनाऱ्यावरून दोर ओढून घालावयाचे एक जाळे असते. त्याला ते करैवलै म्हणतात. आपल्या मालवणकडची रापण ती हीच. तमिळमध्ये चार दिशांच्या वाऱ्यांना चार नावे आहेत: उत्तरेचा वाडै, दक्षिणेचा तेन्रल, पूर्वेचा कोंडल, पश्चिमेचा कोडै. पावन करणाऱ्यांत वारा ही विभूती आम्ही वर्गात एका शब्दात उरकली होती. ज्याचे पोट वाऱ्यावर अवलंबून आहे त्याला एक शब्द पुरत नाही.

परतताना एका मुलीने हळूच विचारले, "काका, हे मासे मारतात. त्यांना पाप लागतं का?" आमच्या वाचकांपैकी बहुतेक घरांत हा प्रश्न निघेल, म्हणून त्याविषयी लिहितो. महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकविणारा मिथिलेचा धर्मव्याध मांस विकणारा होता. कौशिकाला आपल्या तपाचा गर्व झाला होता, आणि त्याला शिष्य म्हणून त्या दुकानाच्या दाराशी उभे राहावे लागले. मी मुलीला ती कथा सांगितली आणि म्हणालो की, आपल्या घरात आपण मासे खात नाही, ते आपले व्रत. पण ज्याच्याकडून आज आपण चार वाऱ्यांची नावे शिकलो, त्याचा न्यायनिवाडा करण्यासाठी आपण येथे आलो नाही. उत्तर पुरेसे होते की नाही, देव जाणे. ती गप्प राहिली.

तात्तांनी आणखी एक गोष्ट सांगितली, कारण दिवस तेच होते. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी हाच समुद्र भिंतीसारखा उठून आत आला. त्या त्सुनामीत तामिळनाडूत सुमारे ८,००० माणसे दगावली, त्यांतील बहुसंख्य नागपट्टिणम जिल्ह्यात. पण ह्या किनाऱ्यावरील कोळीवाड्यांनीही होड्या, जाळी आणि माणसे गमावली. ऐकताना मुले समुद्राकडे पाहत होती आणि समुद्र अगदी शांत होता. दहाव्या अध्यायानंतर लगेच अकरावा का येतो, ह्याचे विवेचन मी अनेकदा केले आहे. त्या दिवशी ते करण्याची आवश्यकता भासली नाही.

मग ते मृत कासव दिसले.

ते ऑलिव्ह रिडले जातीचे होते. लांबी हातभराहून अधिक, डोळे पक्ष्यांनी टोचलेले. मुलांना दूर न्यावे असे दोन मातांचे मत पडले. मी म्हटले, राहू द्या. ही मादी डिसेंबर-जानेवारीपासून मार्चपर्यंत चेन्नईच्या किनाऱ्यावर रात्री वर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या वर अंडी घालते, खड्डा बुजविते आणि परत जाते. मागे वळून पाहत नाही. ४५ ते ६० दिवसांनी पिले निघतात व समुद्राच्या क्षितिजावरील उजेडाकडे चालू लागतात. रस्त्यावरचे दिवे प्रखर असले तर ती उलट दिशेला, वस्तीकडे जातात आणि मरतात. मोठी कासवे मरतात त्याचे मुख्य कारण दुसरे आहे. कासव फुफ्फुसांनी श्वास घेते. त्याला वर यावे लागते. ट्रॉलरच्या जाळ्यात सापडले की ते वर येऊ शकत नाही आणि समुद्रातच बुडून मरते. २०२५ च्या जानेवारीत चेन्नईच्या किनाऱ्यावर अशी शेकडो कासवे मृत होऊन लागली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ह्या प्राण्याला वाघाइतकेच संरक्षण दिले आहे, आणि कासवाला जाळ्यातून निसटता येईल असे साधनही निघालेले आहे. साधन आहे, कायदा आहे, आणि कासव पुळणीवर पडले आहे.

ह्या वेळी त्या मार्गशीर्ष म्हणणाऱ्या मुलीने मला निरुत्तर केले. दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा आहे. कासव जसे सर्व बाजूंनी अवयव आत ओढून घेते, तसा तो इंद्रिये आवरतो. तिने विचारले, "काका, हिने पाय आत का नाही घेतले? मेली म्हणून?" मी म्हणणार होतो, "होय." पण खात्री नव्हती, म्हणून तात्तांना विचारले. ते हसले. समुद्रातले कासव जिवंत असतानाही पाय आत घेत नाही. त्याला तसे करताच येत नाही. ते पाय नव्हेतच, वल्ही आहेत. भगवंतांनी उपमा दिली ती जमिनीवरच्या किंवा तळ्यानदीतल्या कासवाची. इतकी वर्षे गीता शिकवून मला हे ठाऊक नव्हते, हे येथे नमूद करतो.

चेन्नईच्या ह्या कासवांमागे माणसांचीही एक परंपरा आहे. सतीश भास्कर नावाचा एक तरुण १९७० च्या दशकात येथेच रात्री पुळण पायी तुडवून कासवांच्या खुणा शोधू लागला आणि पुढे त्याने त्यासाठी देशाचे किनारे पालथे घातले. १९८२ च्या पावसाळ्यात तो लक्षद्वीपमधील सुहेली ह्या निर्मनुष्य बेटावर एकटाच राहिला होता. तेथून त्याने पत्नीला लिहिलेले पत्र बाटलीत घालून समुद्रात सोडले. ते श्रीलंकेच्या किनाऱ्यावर एका कोळ्याला सापडले, आणि त्या भल्या माणसाने ते तिच्याकडे टपालाने पाठविले. १९८८ पासून चेन्नईतील विद्यार्थ्यांची एक संघटना, 'स्टुडंट्स सी टर्टल कन्झर्व्हेशन नेटवर्क', जानेवारी ते एप्रिल ह्या काळात नीलांकरै ते बेझंट नगर ही पुळण रात्री पायी चालते, अंडी सुरक्षित ठिकाणी हलविते आणि पिले समुद्रात सोडते. सर्वसामान्य लोकांनाही ती बरोबर नेते.

दुपारी मुट्टुकाडूच्या खाडीवर फार वेळ मिळाला नाही. बगळे, चित्रबलाक, आणि उत्तरेकडील थंड देशांतून हिवाळ्यापुरते आलेले तुतवार व चिखल्या चिखलात टोचत होते. कधी वाळूचा बांध खाडीचे तोंड बंद करतो, कधी पावसाचे पाणी तो फोडून समुद्राला मिळते, एवढे पाहून पुढे गेलो, कारण मकर राहिला होता.

कोवलमच्या दक्षिणेस काही किलोमीटरांवर वडनेम्मेली येथे १९७६ साली रॉम्युलस व झाई व्हिटेकर ह्यांनी मगरींचे संवर्धनकेंद्र स्थापन केले. कातड्यासाठी झालेल्या शिकारीमुळे त्या काळी आपल्या देशातील मगरी नाहीशा होण्याच्या बेतात होत्या. भारतात मगरींच्या तीन जाती आहेत: गोड्या पाण्यातील साधी मगर, खाडीच्या खाऱ्या पाण्यात राहणारी महाकाय मगर, आणि लांब, अरुंद जबड्याचा घडियाल, ज्याच्या नराच्या नाकावर घड्यासारखा उंचवटा असतो. आमचा नऊ वर्षांचा प्रश्नकर्ता कठड्याला रेलून अर्धा तास उभा होता. शेवटी म्हणाला, "ह्यांतली कुठली? भगवंत कुठली म्हणाले?" आद्य शंकराचार्यांच्या भाष्यात मकर ही जलचरांतील एक विशेष जात, एवढेच सांगितले आहे, देवळांवरच्या मकराला हत्तीची सोंड आणि माशाचे शेपूट असते. मी त्याला दोन्ही सांगितले. त्याने आपल्यापुरता निर्णय खाऱ्या पाण्याच्या मगरीच्या बाजूने दिला. मी हरकत घेतली नाही.

त्याच आवारात इरुळ ह्या आदिवासी समाजाची, १९७८ साली स्थापन झालेली सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चार सापांचे विष काढून ते सर्पदंशावरील प्रतिविषासाठी पुरविले जाते, आणि साप काही आठवड्यांनी पुन्हा रानात सोडले जातात. ह्याच समाजातील वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन ह्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. सर्पांत वासुकी आणि नागांत अनंत ही विनोबांच्या भाषेतील जोडाक्षरे खरीच. ती वाचावयास शिकविणारे गुरू येथे भेटतात.

जमिनीवरच्या कासवांच्या कुंपणापाशी ती मुलगी थांबली. तिची सावली पडताच एका कासवाने मान आणि चारही पाय आत ओढून घेतले. ती बराच वेळ पाहत राहिली. "हिला लपता येतं," ती म्हणाली. "तिला नाही."

संध्याकाळी मामल्लपुरमला गेलो. सातव्या शतकात पल्लवांच्या कारकीर्दीत कोरलेला सुमारे तीस मीटर लांबीचा तो प्रचंड शिलापट कोणी अर्जुनाची तपश्चर्या मानतात, कोणी गंगावतरण. आमच्या मुलांनी त्यात अर्जुन शोधला नाही. त्यांनी हत्ती, हरिणे, सिंह मोजले, आणि मागच्या पायांवर उभे राहून तप करणारे मांजर सापडताच ती खो-खो हसली. मांजराच्या पायाशी उंदीर आहेत. इंद्रिये आवरून मनात विषय घोळविणारा मिथ्याचारी तिसऱ्या अध्यायात आहे. ह्याहून सोपे चित्र त्याचे नसेल. शेजारच्या कृष्णमंडपात गोवर्धन उचललेला श्रीकृष्ण आहे, आणि त्याच्याजवळच एक गवळी निवांतपणे गाईची धार काढीत बसला आहे. भागवताच्या दशम स्कंधात बाळकृष्ण नंदबाबांना सांगतो की आपली वस्ती नगरांत नाही, आपण रानाडोंगरांत राहणारे. तेव्हा पूजा करावयाची तर गाईंची आणि ह्या पर्वताची. गोवर्धन कोणा एका गोपाच्या मालकीचा नव्हता. सर्वांच्या गाई त्यावर चरत.

वाचकांपैकी सर्वांना कोवलम जवळ नाही. महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने ह्याच कासवांची घरटी राखली. तेथे पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे येऊन गावकऱ्यांच्या घरी उतरतात. आणि हे दोन किनारे आपण समजतो तितके वेगळे नाहीत. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. ज्यांच्या गावाला समुद्रच नाही त्यांना देवराई आहे, माळ आहे, पाझर तलाव आहे. एका दिवसात फार दाखवू नये. आम्ही ती चूक केली, आणि खाडीवर अन्याय झाला. एकच जागा वर्षातून तीनदा दाखवावी. झाडाचे, पक्ष्याचे नाव पुस्तकातून सांगण्यापूर्वी तेथे राहणाऱ्या मनुष्याला मुलानेच विचारावे. शिंपले घरी आणू नयेत. आमच्यातील एकाच्या खिशात सात निघाले. ते परत ठेवण्यासाठी तो आपणहून मागे चालत गेला, हे मात्र सांगितले पाहिजे.

मार्चमधील एका रात्री आम्ही त्या विद्यार्थ्यांबरोबर नीलांकरैपासून चाललो. अंगणवजा कुंपणात पुरलेल्या अंड्यांतून पिले निघाली होती. ती पाण्यापासून काही पावलांवर सोडण्यात आली. तळहातावर मावतील एवढी. एक हातात घेऊ द्या, असे त्या मगरवाल्या मुलाने विनविले. "नाही," असे उत्तर आले. त्याने पुन्हा मागितले नाही. तो वाळूत गुडघ्यांवर बसला, आणि शेवटचे पिलू लाटेत जाईपर्यंत हात पाठीमागे बांधून राहिला. सुमारे हजारांत एखादे मोठे होते, असे म्हणतात.

पुढील नाताळात पुन्हा कोवलमलाच जावयाचे आहे, आणि ह्या खेपेस अर्धा दिवस खाडीसाठी राखला आहे. चेन्नईतील ज्या कुटुंबांना यावयाचे असेल त्यांनी पहाटे पाचला तयार राहावे, मुलांना टोप्या घालाव्यात, आणि रात्रीच्या फेरीला यावयाचे झाल्यास विजेरी घरी ठेवावी.